काकापोची वीण: झाडाच्या हाती काय, माणसाच्या हाती काय

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. जगात काकापो नावाचे पोपट जेमतेम दोन-अडीचशे उरलेले असताना न्यूझीलंडमध्ये त्यांना मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून, इतर पोपटांप्रमाणे जोड्या लावून त्यांची पैदास का केली जात नाही, हा पहिला. तीस वर्षे पैसा आणि माणसे खर्ची घालूनही हा आकडा हजारांत का गेला नाही, हा दुसरा. पक्ष्यांची अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे यातच माझे आजवरचे काम गेले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. नर आणि मादी एकत्र आणल्याने काकापोची वीण होत नाही. रिमू नावाच्या झाडाला फळ धरले तरच ती होते. माणसाच्या हाती एवढेच उरते की, मधल्या कोरड्या वर्षांत प्रत्येक मादी जिवंत ठेवायची आणि ज्या वर्षी झाड फळेल त्या वर्षी एकही अंडे हयगयीने वाया जाऊ द्यायचे नाही.

पिंजऱ्याचा विचार न्यूझीलंडमध्ये कोणाला सुचला नाही असे नाही. 1961 मध्ये देशाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फिओर्डलंड या डोंगराळ प्रदेशाच्या दऱ्यांतून पकडलेले पाच काकापो मास्टरटनजवळच्या माउंट ब्रूस येथील पक्षिगृहात ठेवले गेले. त्यांपैकी चार काही महिन्यांतच मेले आणि पाचवा सुमारे चार वर्षे जगला. बंदिवासात काकापोची वीण आजवर एकदाही झालेली नाही. याचे मूळ या पक्ष्याच्या स्वभावात आहे. आपल्याकडचा पोपट जोडीने राहतो, नर मादीला भरवतो, दोघे मिळून ढोली राखतात. काकापोत यातले काहीच नाही. हा निशाचर, न उडणारा, जगातला सर्वांत वजनदार पोपट. मोठा नर चार किलोच्या घरात जातो. विणीच्या हंगामात नर डोंगराच्या धारेवर जमिनीत उथळ खळगे खोदतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा चोचीने साफ करतात आणि खळग्यात बसून, छाती हवेने फुगवून, रात्रीमागून रात्री खोल घुमणारा आवाज काढतात. वारा अनुकूल असेल तर हा आवाज पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो. मादी चालत तिथे येते, नर निवडते, मीलन होते आणि ती एकटीच परत जाते. पुढे घरटे, अंडी आणि पिल्ले हे सारे तिच्या एकटीच्या अंगावर पडते. ज्या जातीत मादी डोंगर चढून आपला नर स्वतः निवडते, त्या जातीत आपण ठरवलेल्या नराला तिच्या शेजारी कोंडून ठेवण्याला काही अर्थ राहत नाही.

हा पक्षी या अवस्थेला कसा आला, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवर वावरणारा एकही स्थानिक सस्तन प्राणी नव्हता. काकापोचा शत्रू होता तो वरून झडप घालणारा शिकारी पक्षी. त्यामुळे संकट आले की जागच्या जागी स्तब्ध उभे राहायचे आणि शेवाळी हिरव्या पिसांच्या आधाराने जंगलात मिसळून जायचे, ही त्याची सवय. शिवाय त्याच्या अंगाला गोडसर, मातकट असा दाट वास येतो. गरुडापुढे ही सवय कामाची होती. वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यापुढे आणि मांजरापुढे तीच त्याचा काळ ठरली. माओरी लोकांबरोबर उंदीर आणि कुत्रे आले, युरोपीय लोकांबरोबर मांजरे आणि मोठे उंदीर आले, आणि 1880 च्या दशकात सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मुंगसासारखा चपळ शिकारी असलेला स्टोट मुद्दाम आणून सोडला गेला. 1894 पासून रिचर्ड हेन्री या संरक्षकाने शेकडो काकापो उचलून रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडले. पण 1900 मध्ये स्टोट पोहत त्या बेटावरही पोहोचले आणि त्या माणसाची सारी मेहनत पाण्यात गेली. शिकारी प्राण्यांपासून मुक्त असे बेट हाच काकापोचा एकमेव आसरा, हे त्याला शंभर वर्षे आधी उमगले होते, म्हणून त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

1970 च्या दशकात फिओर्डलंडमध्ये अठरा पक्षी सापडले, अठराही नर. मादी नाही म्हणजे जात संपल्यातच जमा होती. 1977 मध्ये देशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या राकिउरा, म्हणजे स्ट्यूअर्ट बेटावर सुमारे दोनशे काकापोंचा पत्ता लागला आणि 1980 मध्ये तिथे माद्याही दिसल्या. मात्र रानमांजरे त्यांना इतक्या झपाट्याने मारत होती की माग ठेवलेल्या प्रौढ पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक एका वर्षात गेले. जे हाती लागले ते पकडून फेनुआ होऊ, म्हणजे कॉडफिश बेट, तसेच मॉड आणि हाउतुरू या बेटांवर हलवण्यात आले. 1995 मध्ये ज्ञात काकापो 51 होते, आणि त्यांत माद्या नरांपेक्षा बऱ्याच कमी. आपण म्हणता ती तीस वर्षे इथून मोजायची आहेत.

आता रिमूकडे येतो, कारण खरे उत्तर तिथे आहे. रिमू हा न्यूझीलंडच्या जंगलातला उंच, सूचिपर्णी वृक्ष. तो दरवर्षी फळत नाही. दोन ते चार वर्षांतून एकदा सगळी झाडे एकदम बहरतात, आणि हा बहर येणार की नाही हे लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांच्या तापमानातल्या फरकावरून ठरते. पिल्ले वाढवायची तर काकापोच्या मादीला हेच फळ लागते, कारण त्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर असते आणि वाढत्या पिल्लाची हाडे त्यावर बनतात. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून फांद्यांच्या शेंड्यांवर किती कोवळी फळे धरली आहेत ते मोजून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधता येतो. दहा टक्क्यांहून अधिक शेंड्यांवर फळ दिसले की माद्या विणीला येणार, असा ढोबळ ठोकताळा आहे. फळ धरूनही न पिकता गळाले, तर अंडी फुटलेली आणि पिल्लांना भरवायला काही नाही अशी अवस्था येते. 2009 मध्ये असेच झाले आणि अनेक पिल्ले घरट्यातून काढून हाताने वाढवावी लागली.

म्हणजे तीस वर्षांत तीस हंगाम मिळालेले नाहीत. मोजून दहाच्या आसपास मिळाले, आणि त्यांतलेही काही नावापुरते. मादी पहिली अंडी घालते तीही पाच-सहा वर्षांची झाल्यावर, पुष्कळदा त्याहून उशिरा. एका वेळी एक ते चार अंडी. हा पक्षी दीर्घायुषी आहे आणि घाई त्याच्या रक्तात नाही. ज्यांनी बजरीगरसारखे वर्षातून दोन-तीनदा अंडी घालणारे पोपट पाळले आहेत, त्यांना हा वेग अपयशासारखा वाटणे स्वाभाविक आहे. पण 51 वरून 2022 च्या हंगामानंतर 252 पर्यंत पोहोचणे हे या जातीच्या चालीने पाहता विलक्षण यश आहे, असे माझे ठाम मत आहे.

झाड फळत नसेल तर आपणच खायला घालावे, हा विचार ओघाने आलाच. 1989 पासून हाउतुरू बेटावर पक्ष्यांना रताळी, सफरचंदे, अक्रोड, बदाम असा पूरक आहार सुरू झाला, नंतर खास तयार केलेल्या गोळ्या आल्या. त्याने माद्या धष्टपुष्ट झाल्या, काहींनी अंडीही घातली. पण पिल्लांची नोंद ठेवता ठेवता एक चिंताजनक गोष्ट लक्षात आली: भरपूर खाल्लेल्या माद्यांची पिल्ले बहुतांशी नर निघत होती. आधीच माद्यांचा दुष्काळ, आणि आपल्याच हाताने आपण नर वाढवत होतो. याचे स्पष्टीकरण उत्क्रांतिशास्त्रात आधीच मांडलेले होते. ज्या जातीत थोडेच बलवान नर पुष्कळ माद्यांशी मीलन करतात, तिथे धडधाकट आईला मुलगा होण्यात अधिक लाभ, कारण तिचा दणकट मुलगा पुढे बरीच संतती देऊ शकतो. अशक्त आईला मुलगी बरी, कारण मुलगी कशीही असली तरी तिला पिल्ले होतातच. मायकेल क्लाउट, ग्रेम इलियट आणि ब्रूस रॉबर्टसन यांनी काकापोच्या नोंदी तपासून हे दाखवून दिले. त्यानंतर आहार बंद केला नाही, तर मोजून दिला: अंडी घालण्याआधी मादीचे वजन साधारण दीड किलोच्या आत राहील एवढाच. 2002 च्या हंगामात 24 पिल्ले वाढली आणि त्यांत माद्या नरांपेक्षा जास्त होत्या.

ही हकिकत मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. पक्षी खातो आहे, वजन वाढते आहे, अंडी येत आहेत, म्हणजे सगळे छान चालले आहे असे वाटते. आणि तेव्हाच पिल्लांची नोंदवही उघडून नर किती, मादी किती हे पाहावे लागते. आपण दिलेल्या मदतीचा परिणाम मोजल्याशिवाय ती मदत आहे असे मानू नये.

अंड्यांचे काम हा माझा स्वतःचा प्रांत, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. प्रत्येक काकापोच्या पाठीवर लहानसा ट्रान्समीटर असतो, तो वर्षातून एकदा पक्षी पकडून, तपासून बदलला जातो. नरांचा ट्रान्समीटर जवळ आलेल्या मादीची ओळख आणि मीलनाचा कालावधी नोंदवतो, मादीचा ट्रान्समीटर ती घरट्यावर बसल्याचे कळवतो. घरटे म्हणजे झाडाच्या मुळाखालची किंवा पोकळ बुंध्यातली जमिनीलगतची जागा. तिथे अंधारात चित्रण करणारा कॅमेरा आणि दाराशी सेन्सर बसवला जातो. मादी रात्री चारा शोधायला घरट्यातून निघते आणि तासन्‌तास परतत नाही. पूर्वी अशा वेळी स्वयंसेवक घरट्यापासून काही अंतरावर तंबू ठोकून रात्रभर पडद्यावर लक्ष ठेवत आणि आई गेली की गार पडणाऱ्या अंड्यांवर ऊबदार गादी घालून येत. फेनुआ होऊवर 1998 मध्ये उंदीर संपवले जाईपर्यंत अंड्यांजवळ उंदीर फिरकू न देणे हेही त्यांचेच काम होते. आता त्यातले बरेचसे काम यंत्रे करतात.

ज्या अंड्याचा धोका वाटतो ते काढून उबवणी यंत्रात ठेवतात आणि आईखाली खोटे अंडे सरकवतात. 2019 पासून वापरात आलेली काही खोटी अंडी आतून पिल्लासारखा आवाज काढतात, म्हणजे खरे पिल्लू परत ठेवले जाईल तेव्हा आई त्यासाठी तयार असते. यंत्रातले अंडे रोज तोलले जाते. उबवणीच्या सुमारे तीस दिवसांत अंड्याने आपल्या वजनाच्या पंधराएक टक्के पाणी गमावले पाहिजे. कमी गमावले तर पिल्लू आत ओलाव्याने गुदमरते, जास्त गमावले तर कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटते. अंधाऱ्या खोलीत अंड्यावर दिवा धरला की पहिल्या आठवड्यात तांबड्या रेषांचे जाळे दिसते आणि मधोमध एक ठिपका हलत असतो. ते जाळे विरून त्याच्या जागी नुसते वर्तुळ उरले, तर गर्भ गेला असे समजायचे. 2014 मध्ये लिसा नावाच्या मादीकडून नकळत तिचे अंडे चेपले गेले होते. कवच दबले होते, पण आतला पडदा शाबूत होता. चिकटपट्टी आणि गोंद लावून ते सांधले, यंत्रात उबवले, आणि त्यातून पिल्लू बाहेर आले. त्याआधीची तीन वर्षे या जातीत एकही पिल्लू जन्मले नव्हते. काकापोचे प्रत्येक अंडे किती मोलाचे आहे, हे यावरून आपल्या ध्यानात येईल.

एवढे करूनही घातलेल्या अंड्यांपैकी निम्म्याहून कमी फुटतात. पुष्कळ काळ असे मानले जात होते की न फुटलेली बहुतेक अंडी अफलित असतात, म्हणजे दोष नरांत आहे. अलीकडे न फुटलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर दिसले की त्यांतली बरीच फलित होती. गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांत, दिव्याच्या प्रकाशात दिसण्याआधीच, मरत होता. हा फरक केवळ शास्त्रज्ञांच्या चर्चेपुरता नाही. नर अक्षम असेल तर कृत्रिम रेतन उपयोगी पडते, आणि 2009 पासून काही पिल्ले त्या मार्गाने आलीही आहेत. गर्भच तग धरत नसेल, तर मात्र आई-बापांच्या नात्याकडे पाहावे लागते.

नात्याचा हा प्रश्न अवघड आहे. आजचे जवळजवळ सगळे काकापो राकिउराच्या वंशातले. फिओर्डलंडचा एकच नर पुढच्या पिढीपर्यंत आपले रक्त पोहोचवू शकला; 1975 मध्ये सापडलेल्या या नराला त्या जुन्या संरक्षकाच्या नावावरून रिचर्ड हेन्री म्हणत. 1998 मध्ये फ्लॉसी या मादीपासून त्याला गलिव्हर, सिंदबाद आणि कुइया अशी तीन पिल्ले झाली, आणि 2010 च्या अखेरीस तो गेला. त्याच्या वंशाची आजची किंमत पैशांत सांगता येणार नाही. उलट ब्लेड्स नावाच्या नराची संतती वीसहून अधिक झाली, तेव्हा त्याचे रक्त सगळीकडे पसरू नये म्हणून त्याला विणीच्या बेटावरून हलवण्यात आले. हे निर्णय आता अंदाजाने होत नाहीत. 2018 च्या सुरुवातीला हयात असलेल्या जवळजवळ प्रत्येक काकापोचा जनुकसंच वाचला गेला आहे. त्यातून एक दिलासाही मिळाला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार राकिउराचे पक्षी सुमारे दहा हजार वर्षे छोट्या संख्येत एकाकी राहिल्यामुळे त्यांच्यातले अनेक घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या गळून गेले आहेत, आणि मुख्य भूमीवरच्या नष्ट झालेल्या पक्ष्यांपेक्षा असे दोष त्यांच्यात कमीच आहेत.

रोगांविषयी थोडक्यात सांगतो. 2019 हा तोवरचा सर्वांत मोठा हंगाम. सत्तरहून अधिक पिल्ले वाढली. त्याच हंगामात फुफ्फुसांत बुरशी वाढवणाऱ्या ॲस्परजिलोसिसने पक्ष्यांना गाठले आणि उपचार करूनही नऊ दगावले. सगळी जात दोन-तीन बेटांवर एकवटली की अशी एक साथ किती महागात पडू शकते, ते त्या वर्षी दिसले.

हाताने वाढवलेल्या पिल्लाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1997 मध्ये जन्मलेल्या सिरोक्कोला आजारपणामुळे लहानपणी एकट्याला माणसांत वाढवावे लागले. तो माणसांनाच आपले समजू लागला आणि विणीसाठी निकामी ठरला. त्याने पुढे लोकांत काकापोविषयी फार मोठी जागृती केली, हे खरे. पण तेव्हापासून नियम असा झाला की हाताने वाढवायची पिल्ले इतर पिल्लांच्या सोबतीनेच वाढवायची आणि शक्य तितक्या लवकर घरट्यात किंवा जंगलात परत न्यायची. पिंजऱ्यातल्या पैदाशीविरुद्धचा हा माझ्या लेखी सर्वांत सबळ पुरावा आहे.

आपण माळढोकाचा उल्लेख केलात, त्याबद्दल. साम्य आहे: माळढोकाचा नरही माद्यांना आकर्षित करण्यासाठी उघड्या माळावर एकट्याने प्रदर्शन करतो, मादी एकटीच पिल्लू वाढवते आणि बहुधा एकच अंडे घालते. राजस्थानात जैसलमेरजवळ 2019 पासून जंगलातली अंडी उचलून यंत्रात उबवली जात आहेत आणि 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्मले. ते काम मोलाचे आहे आणि ते झालेच पाहिजे. परंतु काकापोला मोकळी बेटे मिळाली, माळढोकाला माळ परत मिळालेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या ज्या माळावर एकेकाळी हे पक्षी हमखास दिसत, तिथे आज एखादा दिसला तरी बातमी होते. विजेच्या उच्चदाब तारांना धडकून प्रौढ माद्या मरत राहिल्या, तर यंत्रातून निघालेली पिल्ले सोडायची कुठे, हा प्रश्न तसाच राहील. न्यूझीलंडमधल्या लोकांनी आधी पक्षी मांजरांपासून दूर, सुरक्षित बेटांवर हलवले आणि मग ते अंड्यांकडे वळले, हा क्रम आपल्याकडे फार कोणी पाहत नाही.

आता काकापोपुढची खरी अडचण जागेची आहे. फेनुआ होऊ आणि अँकर ही बेटे जवळपास भरली आहेत. 2023 मध्ये उत्तर बेटावरच्या माउंगाताउतारी या कुंपणाने बंदिस्त केलेल्या जंगलात काही नर नेऊन सोडण्यात आले. चार दशकांनंतर काकापो मुख्य भूमीवर आला. कुंपण 47 किलोमीटर लांब, आतले जंगल 3,400 हेक्टर. उडता न येणारा हा पक्षी चढण्यात मात्र पटाईत. काही जण झाडांच्या आधाराने कुंपण ओलांडून बाहेर गेले आणि त्यांना ट्रान्समीटरच्या साहाय्याने शोधून परत आणावे लागले. म्हणजे कुंपणाची रचनाही या पक्ष्याकडून नव्याने शिकावी लागणार आहे. त्याच वेळी बेटांवरच्या घरट्यांत माणसाचा वावर हळूहळू कमी केला जात आहे, पूरक आहारही बऱ्याच ठिकाणी आवरता घेतला आहे. यामुळे काही अंडी आणि पिल्ले हातची जातील, जी पूर्वी वाचवता आली असती, आणि माझ्यासारख्या उबवणीतल्या माणसाला ते पाहणे सोपे नाही. तरीही निर्णय मला योग्य वाटतो, कारण संख्या पाचशेवर गेली तर प्रत्येक घरट्याशी माणूस बसवणे शक्य होणार नाही. ज्या माओरी समाजाचा या पक्ष्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्या न्गाई ताहू लोकांचीही हीच इच्छा आहे की काकापो स्वतःच्या बळावर जगावा. राकिउरावरची मांजरे, उंदीर आणि पॉसम (बाहेरून आणलेला, झाडांवर चढणारा सस्तन प्राणी) हटवण्याची योजना हाती घेतली गेली आहे. ती तडीला गेली तर हजारांची संख्या सामावेल एवढे जंगल काकापोला पुन्हा मिळेल, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिंजऱ्यांपेक्षा त्या बेटावरच्या कामावर अवलंबून आहे.